जेवण उरकल्यावरचं ऊन

सातारा,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
ब्राह्मीचा शि. सा. नमस्कार, जय जिनेंद्र.

पत्र बघून घाबरू नका, मी आणि आर्जव दोघंही खुशाल आहोत. फोनवर तुम्ही ‘बरं, ठेवू का?’ याच्या पुढं जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मुद्द्याचं सांगते. जूनमध्ये तुम्ही आणि आई, दोघांनीच स्पेनला जायचं. आर्जवनं समुद्राकाठी राहायची जागा शोधलीय. तिथं तंबू आधीच उभा असतो, आत दोन खाटा आणि बाहेर एक छोटा गॅस. पहाटे उठून बसमध्ये चढा, झेंडा धरलेल्या माणसामागं पळा, असलं काही नाही. ऊन, समुद्र आणि आराम, एवढंच.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. त्याआधी तिला हे एकदा मिळावं असं मला फार वाटतं. तिनं आजवर माझ्याकडं काही मागितलेलं आठवत नाही. तंबूचा फोटो दाखवला तेव्हा मात्र बराच वेळ बघत राहिली आणि आपल्याला जमेल का गं, असं विचारलं. तेवढ्यावरच मी हट्टाला पेटलेय. हळदीच्या हंगामाचं कारण सांगू नका, जूनपर्यंत सौदे ओसरतात हे तुमच्याच मुलीला ठाऊक आहे.

सौ. आईस नमस्कार. लोभ आहेच, सोबत होकारही पाठवा.

आपली,
ब्राह्मी


सांगली,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. ब्राह्मीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनलाही नवल वाटलं, त्यानं सही घ्यायची का विचारलं.

पोरी, तंबूत झोपायला लागू नये म्हणून मी स्लॅबचं घर बांधलं. आपल्या रानात मेंढरं बसवायला येते ना, म्हसवडची हरणाबाई, तिला तुझा बेत सांगितला. ती पोट धरून हसली. आमी जलमभर पालात फुकट निजलो, लोक उठवून लावायचे, आन तुमी पैसं देऊन निजणार व्हय, म्हणाली.

शिवाय मी दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस. तिकडं लोक रात्री नऊला जेवायला बसतात म्हणे. वर प्रत्येक पदार्थात बटाटा नाहीतर कांदा. मी काय ऊन खाऊन राहू? तुझ्या आईला विचारलं, तर तुम्ही म्हणाल तसं, म्हणाली. तेव्हा पुढच्या वर्षी बघू.

चि. आर्जवरावांस आशीर्वाद. माया आहे ती असू द्या.

तुझे,
अण्णा


सातारा,
३ मार्च २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं ‘पुढच्या वर्षी’ मी लहानपणापासून ओळखते. माझी सायकल अजून तिथंच अडकलीय.

आता नीट वाचा. जूनमध्ये तिथला सूर्य रात्री पावणेदहाला मावळतो. चेष्टा नाही, आर्जवला विचारा. म्हणजे तुम्ही नऊला सगळ्यांच्या पंक्तीला बसलात तरी नियम मोडत नाही. चातुर्मास जुलैत सुरू होतो, तोवर तुम्ही परतही याल. आणि आईच्या ‘तुम्ही म्हणाल तसं’ला होकार किंवा नकार समजू नका. ती फक्त वाद मिटवायची रीत आहे.

हरणाबाईंना सांगा, तुम्हाला तिथून कुणी उठवून लावणार नाही.

कृपा असावी, कुरकुर कमी असावी.

आपली,
ब्राह्मी


सांगली,
१४ मार्च २०२५

चि. सौ. ब्राह्मीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सूर्यानं अण्णांना जिंकलं. ते तयार झाले, आणि त्याच दिवशी बॅगा काढल्या. कुकर, पोळपाट, ज्वारीचं पीठ, मूगडाळ, पाणी गाळायचं फडकं, सगळं माडीवर मांडलंय. मोठ्या उत्साहात मला सांगितलं की तिकडं दिवस लांब असतो, तेव्हा दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणामध्ये आणखी एकदा काहीतरी गरम करून खाता येईल.

तेव्हा तिकिटं काढू नकोस.

रागानं लिहीत नाही गं. लग्न झाल्यापासून पाच वाजले की माझे हात तव्याकडं जातात. कुणाच्या बारशाला असो की सभेला, मी उठून निघते. दिवसाउजेडी जेवणं व्हायची आणि भांडी अंधारात घासायची नाहीत, जीवजंतू मरतात. नियम माझाही आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मावळता सूर्य मी मोरीच्या जाळीतूनच बघितलाय. तू पावणेदहा म्हणालीस तेव्हा मनात आलं, सातला सगळं उरकलं तर पुढं हात कोरडे ठेवून नुसतं बसता येईल. त्यासाठीच जीव ओढला होता. तिथंही गॅसपाशीच उभं राहायचं, तर इथला ओटा बरा, वाकावं तरी लागत नाही.

हे पत्र पेटीत टाकायला अण्णांकडंच देणार आहे. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही.

तब्येतीला जप. आईची आठवण ठेव.

तुझी,
आई


सांगली,
२१ मार्च २०२५

चि. सौ. ब्राह्मीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईचं पत्र मिळालं असेल. पेटीत टाकायला दोन दिवस उशीर झाला, कारण ते मी चार वेळा वाचलं.

काल दुकान लवकर बंद केलं आणि खिचडी मी लावली. खालून लागली. वरची तिनं खाल्ली, करपलेली मी खाल्ली. भांडीही मीच घासली. ती दारात उभी राहून राख कुठं राहिलीय ते दाखवत होती, म्हणून तिला चपला घालायला लावल्या आणि रिक्षानं कृष्णेच्या घाटावर नेलं. ऊन अजून होतं.

आम्ही पायरीवर बसलो. मला नुसतं बसायची सवय नाही, त्यामुळं मी हळदीचा भाव सांगायला लागलो. तिनं माझ्या हातावर हात ठेवून मला गप्प केलं. सूर्य पाण्यापलीकडं उतरला, पार गेला, तरी ती उठेना. मी सवयीनं दोनदा चल म्हणालो.

ती म्हणाली, “आज मला कुठं जायचंय?”

सदतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. घाटावरचे दिवे लागेपर्यंत आम्ही तिथंच होतो.

तिकिटं काढून टाक. भाकरी मी जूनपर्यंत शिकतो.

दोघांनाही आशीर्वाद. आमच्यावर लक्ष असू दे.

तुझे,
अण्णा