गरुडझेप, आठ बोल्ट

३ नोव्हेंबर, रविवार
आजपासून फक्त खरे लिहायचे. धडगावकडचा चुनखडीचा कडा, साठ फूट, खडकात ठोकलेले आठ बोल्ट. न पडता जो पहिला वर जाईल त्याने वाटेला नाव द्यायचे, हा या खेळाचा रिवाज. नाव मी चार वर्षांपूर्वीच दिले आहे: गरुडझेप. चढणे तेवढे बाकी. आज तिसऱ्या बोल्टवरून पडलो. दोष दोर धरणाऱ्याचा.

१० नोव्हेंबर
दोर धरणारा म्हणजे सॅम्युअल, आमच्याच शाळेतला विज्ञानाचा मास्तर. गुणी माणूस, महत्त्वाकांक्षा शून्य. सकाळी माझ्याआधी येऊन सगळ्या बोल्टांना दोर अडकवायच्या क्लिपा लावून ठेवतो, दुपारी मी निघालो की काढून आणतो. मागच्या वाटेने वर जात असेल. असली हमाली मला परवडत नाही. बोटे जपावी लागतात.

१ डिसेंबर
पुन्हा तिसरा. नंदुरबारात मिरची वाळत पडली आहे, ठसक्याने छाती भरून गेली. या हवेत कोण चढणार?

२२ डिसेंबर, सकाळी ६
संकल्प: भात बंद, भजी बंद, रोज वीस पुल-अप्स.

सायंकाळी
पुल-अप्स दोन. भजी सीमाने केलीच होती, बायकोचे मन मोडवत नाही. वर तिनेच विचारले, "तुम्ही चढी ऱ्हायनात का लटकी ऱ्हायनात?" तिला टेक्निक कळत नाही.

१२ जानेवारी
सॅम्युअलची नवापूरला बदली. ऐन सीझनमध्ये! फार वाईट वाटले, माझे. त्याला म्हणालो, आता तरी स्वतःचे एखादे स्वप्न बघ, जन्मभर दुसऱ्याचा दोर काय धरायचा. हो सर, म्हणाला. कीव आली.

२ फेब्रुवारी, दुपारी १
चौथा बोल्ट!! मग पडलो. उतरताना खालच्या तीन क्लिपा काढल्या. सॅम्युअलला नवापूरची बस गाठायची होती. वरच्या तेवढ्या काढून घ्या सर, म्हणाला आणि गेला.

दुपारी ३
वर पाच क्लिपा. पायथ्याशी राहणाऱ्या मंगळीबाईला मागची वाट विचारली. समोरच्या कड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मांगे वाट नही शे सर. सॅम्युअल सर आठूनच चढतस. दोर मी धरस." किती वर्षे? चार. पडले कधी? तिला प्रश्नच समजला नाही.

दुपारी ४
अजून इथेच बसलोय. चार वर्षे हा माणूस दर रविवारी माझा कडा चढला, उतरला, मग माझा दोर हातात घेऊन मी पडायची वाट बघत उभा राहिला. एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर निदान भांडता आले असते.

९ फेब्रुवारी
फोन केला. आरोप कागदावर लिहून घेतले होते. तो म्हणाला, ती काय चढाई होती सर, क्लिपा लावणे होते. पहिली चढाई तुमचीच राहील. इतका राग मला जन्मात आला नव्हता. मग विनंती केली. पुढच्या रविवारी येऊन क्लिपा काढून देतो म्हणाला. मंगळीबाई त्या दिवशी लग्नाला जाणार, त्यामुळे दोर मला धरायचा आहे. कसा धरायचा ते तो आल्यावर शिकवणार आहे.