शेपटीचा ड

आन्लोगा,
१८ एप्रिल २०१२

चि. एलिकेम यास आत्याचे, म्हणजे टासी आकोफाचे, अनेक आशीर्वाद.

तू ईस्टरला आणलेला नवा कॉम्प्युटर गल्लीतल्या सगळ्यांनी येऊन पाहिला. भाचा असावा तर असा, असं म्हणत शेजारणी माझ्या खुर्चीत बसून गेल्या. मी मान डोलावली. त्यांच्यासमोर जे बोलता आलं नाही ते आता तुला लिहिते. फोनवर मी रागावले की तुझं नेटवर्क जातं, म्हणून हे पत्र. टेमाला ट्रोट्रोची प्रवासी गाडी नेणारा गॉड्सवे ते तुझ्या हातात देईल.

तुझ्या या देखण्या यंत्राला आपली भाषा येत नाही. आईची गाणी उघडली तर जागोजागी प्रश्नचिन्हं. इंग्रजीत नसलेली आपली अक्षरंच गळाली: शेपटीचा ड गेला, फुंकर घालून म्हणायचा फ गेला, नाकातला ङ गेला, आणि सगळ्यांच्या जागी एकच प्रश्नचिन्ह येऊन बसलं. तुझ्या आजीने जन्मात कुणाला एवढे प्रश्न विचारले नव्हते. सगळ्या फाईली नव्या पद्धतीत बदलून ठेवल्यात असं तू जाताना म्हणालास. बदलल्यास खऱ्या.

तू उचलून नेलेला जुना डबा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, मान्य आहे. पण क्पोडो मास्तरांनी त्यात आमच्या शाळेसाठी एक करामत बसवून दिली होती. अर्धविरामाचं बटण दाबलं की शेपटीचा ड हजर. मास्तर वारले, आणि त्यांची ती करामत हे नवं यंत्र आत घ्यायला तयार नाही. पडद्यावर इंग्रजीत पाटी येते की हे फार जुनं आहे. मीही फार जुनी आहे, पण मला असं तोंडावर सांगायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

हा नुसता माझा हट्ट नाही. आन्लोगात कुणी वारलं की विलापगीत आईचंच असायचं. तिने ती मला म्हणून दाखवली, मी टाईप केली, आणि झटका आल्यापासून तिची वाचाच गेली आहे. पुन्हा सांग म्हटलं तर ती सांगणार कशी? त्यातलं शेवटचं तिने स्वतःच्या दफनासाठी रचलं आहे, तुझ्या वडिलांची होडी समुद्रावरून परत आली नाही त्यानंतर. ते शब्दाला शब्द तिच्या शवपेटीपुढे म्हटलं जाईल, असं मी तिला वचन दिलं आहे. आता तिचे फार दिवस उरले आहेत असं वाटत नाही. तेव्हा तो जुना डबा, घरघरत असला तरी, परत आण.

तुझ्या आईला नमस्कार. राग तुझ्यावर आहे, तिच्यावर नाही.

तुझी टासी

---

टेमा,
२९ एप्रिल २०१२

ती. टासी हिस, एलिकेमचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आई खूप हसली. म्हणाली की शाळेतून निवृत्त होऊनही टासीची छडी सुटलेली नाही. मी मात्र हसलो नाही, कारण छडी माझ्यावर होती.

जुना डबा आता नाही, टासी. तो मी भंगारवाल्या सुलेमानूला दिला. माझ्या एका खोलीत तो ठेवणार कुठे? पण काळजी करू नकोस, काम झालं आहे. गेल्या रविवारी मी फुटबॉलचा सामना सोडून दिवसभर बसलो आणि माझ्याकडच्या प्रतीत आजीची सगळी गाणी नीट केली. एकेक ओळ मोठ्याने वाचत गेलो आणि प्रश्नचिन्हाच्या जागी जे अक्षर हवं ते घातलं. शेपट्या माझ्या कळफलकावर मिळत नाहीत, म्हणून साधा द, साधा फ आणि साधा न घातला आहे. वाचणाऱ्याला कळतं. बंदरावर आम्ही सगळे फोनवर असंच लिहितो आणि कुणाचं काही अडत नाही.

सोबत डिस्क पाठवतो आहे. फाईलींची नावं तीच ठेवली आहेत, त्यामुळे तुझ्या यंत्रात ती प्रश्नचिन्हांच्या जागी आपोआप जाऊन बसतील. छापील कागदही जोडले आहेत. आता तरी शाबासकी मिळेल ना? गॉड्सवेबरोबर थोडे छोटे कांदे पाठव. इथल्या बाजारातले आन्लोगाचे म्हणून विकतात, पण चवीला नुसतं पाणी.

आजीच्या पायांना माझा हात लाव. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा
एलिकेम

---

आन्लोगा,
६ मे २०१२

चि. एलिकेम यास आशीर्वाद, आणि ते मोठ्या कष्टाने.

कांदे पाठवलेले नाहीत.

तुझे कागद मी आईच्या उशाशी बसून वाचायला घेतले आणि पहिल्याच पानावर थांबले. तिने गायलं आहे की माझा मुलगा समुद्रात गेला. समुद्राच्या फ ला फुंकर लागते, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. तू साधा फ घातलास, म्हणजे तो शब्द गरोदरपण झाला. तुझ्या कागदाप्रमाणे तुझे वडील गरोदरपणात गेले. मी हसले, खोटं कशाला सांगू. मग पुढे वाचलं आणि हसू जिथल्या तिथे राहिलं.

शेवटचं गाणं काढ. शेपटीचा डी म्हणजे पुरणे आणि बिनशेपटीचा दी म्हणजे शोधणे, हे तुला मी सांगावं लागतं याचीच मला लाज वाटते. आईची ओळ आहे की त्याला शोधलंत, मला पुरा. तुझ्या कागदावर आहे की त्याला शोधलंत, मला शोधा.

तू तेव्हा लहान होतास. तुझ्या वडिलांसाठी ही बाई रोज पहाटे किनाऱ्यावर जायची. लाटेने लाकूड आणलं तरी धावायची, चिंधी आणली तरी धावायची. मी तिच्या मागून चालायचे. पाऊस संपला, मासळीचा हंगाम आला आणि गेला, पुन्हा पाऊस आला, तरी ती थांबली नाही. शेवटी पाय चालेनासे झाले तेव्हा तिने हे गाणं रचलं. तिला एवढंच हवं आहे की तिच्यावर माती पडावी आणि तिच्या माणसांना कुठे हिंडावं लागू नये. आणि तू तिला पुन्हा किनाऱ्यावर पाठवलंस, का तर कळफलकावर शेपटी नव्हती.

मला तुझा राग येतो आणि ही यंत्रं करणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो. इंग्रजी बोलणाऱ्याला कुणी सांगून बघावं की नवीन यंत्र आलं आहे, आजपासून तुझा ए बंद. तो मुकाट्याने ऐकेल का? आमची अक्षरं मात्र डब्याबरोबर भंगारात गेली तरी आम्ही म्हणायचं की यंत्र काय सुरेख, काय पातळ. आणि तुझी प्रश्नचिन्हंसुद्धा आता माझ्याकडे नाहीत. निदान त्यावरून समजत होतं की इथे काहीतरी होतं. तीही तुझ्या डिस्कने पुसली.

सुलेमानूकडे जा. डबा मोडला असेल तर तुकडे आण.

टासी

---

टेमा,
२० मे २०१२

ती. टासीस सा. न.

सुलेमानूकडे दोनदा जाऊन आलो. त्याने पत्रा वेगळा केला, तांबं वेगळं केलं, आणि बाकीचं कुणी नेलं ते त्याला आठवत नाही. मी फार विचारलं तेव्हा तो म्हणाला की एवढं मौल्यवान होतं तर मला हसत हसत का दिलंस.

मला वाटलं होतं की नवं यंत्र पाहून तुला आनंद होईल. तू त्या घरघरत्या डब्यापुढे डोळे बारीक करून बसायचीस ते मला बघवत नव्हतं. त्यात काय काय आहे हे विचारायचं सुचलंच नाही.

एक बरी बातमी आहे. आपली सगळी अक्षरं असलेला कळफलक नव्या यंत्रांसाठी आता मिळतो. माझ्या यंत्रावर बसवला, शेपटीचा ड उमटला, आईला बोलावून दाखवला. पुढच्या खेपेला तुझ्याकडेही बसवीन. पण गाण्यांत शेपट्या आपोआप उगवणार नाहीत, त्या कुणीतरी कानाने ऐकून घालायला हव्यात. ते तुझ्याशिवाय कोण करणार? तू कागदावर खुणा कर, मी इथे टाईप करतो.

कांद्यांचं काही बोलत नाही. लोभ थोडा तरी शिल्लक असू दे.

एलिकेम

---

आन्लोगा,
५ ऑगस्ट २०१२

चि. एलिकेम यास अनेक आशीर्वाद.

आई गेल्याचं तुला फोनवर कळलंच. घर आता मोठं वाटतं. लोक येतात, बसतात, आणि मला त्यांच्याशी बोलायचा कंटाळा येतो.

जाण्याआधी आमचं काम संपलं होतं, हे तुला सांगायचं होतं. मी रोज एकेक गाणं तिला वाचून दाखवत होते. चुकलं की ती माझा हात दाबायची. मी अक्षर बदलून पुन्हा वाचायचे, आणि बरोबर झालं की हात सैल सोडायची. शेवटच्या गाण्याला तिने हात दाबलाच नाही. मी एकदा मुद्दाम बिनशेपटीचं म्हणून पाहिलं, तर अशी आवळली बोटं की माझी अंगठी रुतली. वाचा नव्हती, पण धाक तसाच होता.

लाल शाईने शेपट्या काढलेले कागद गॉड्सवेकडे देते आहे. दफन शनिवारी, एक सप्टेंबरला; तोवर आई शवागारात आहे. दफनात वाटायची गाण्यांची पुस्तिका तू टेमातच छापून आण. शेजारच्या केटा गावाचं गायकमंडळ येणार आहे. त्यांची प्रमुख दावी एन्यो पुस्तिकेत असेल तेच म्हणते, मनाचं काही घालत नाही, हे तिचं मला आवडतं. तेव्हा पुस्तिकेत चूक नको. डोळ्यांनी वाचू नकोस, कानांनी वाच.

यावेळी कांदे पाठवले आहेत. काळं कापड तुझ्या आईसाठी घेऊन ठेवलं आहे.

तुझीच
टासी

---

टेमा,
९ सप्टेंबर २०१२

ती. टासी हिस सा. न. वि. वि.

दफनाच्या शनिवारपासून तू माझ्याशी बोलली नाहीस. निघताना पाया पडलो तेव्हा डोक्यावर हात ठेवलास, पण तोंड दुसरीकडे होतं. म्हणून लिहितो.

शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा मी पुस्तिका हातात धरून बसलो होतो आणि मला अभिमान वाटत होता. एकही शेपटी राहिली नाही अशी माझी खात्री होती. दावी एन्योने ती ओळ उचलली आणि म्हटलं की त्याला शोधलंत, मला शोधा. मंडप रडायला लागला. पाद्रीबाबांनी चष्मा काढला. माझ्या मागची बाई म्हणाली की काय सुंदर बोलून गेली म्हातारी. मीही रडलो. चूक मला ऐकू आली नाही, टासी. तू उठून उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं तुला भोवळ येते आहे.

पाचशे माणसांसमोर तू गाणं थांबवलंस. तू दावीला सांगितलंस की माझी आई या पेटीत आहे, सगळ्यांना दिसते आहे, शोधायचं काय आहे त्यात. जीभ टाळूला लाव आणि पुन्हा म्हण. काकामंडळी तुला खाली बसवायला लागली तर तू त्यांचे हात झटकलेस. मग दावीच्या मंडळाने पुन्हा म्हटलं, मला पुरा. त्यावेळी कुणी रडलं नाही. मग माती टाकली.

घरी आल्यावर मी तुझा कागद काढून पाहिला. त्या ओळीवर तुझी लाल शेपटी आहे, सगळ्यांत मोठी. तू खाली रेघही ओढली आहेस. ती समोर असताना मी द टाईप केला. इतर एकाही ठिकाणी चुकलो नाही. तुला वाटेल याने लक्ष दिलं नाही. मी लक्ष दिलं होतं. तू म्हणालीस तसं कानांनी वाचलं होतं. पण माझ्या कानांत तो शब्द एकाच तऱ्हेने येतो. लहानपणी बाबा कुठे आहेत विचारलं की आई म्हणायची त्यांना शोधताहेत. आजी कुठे गेली विचारलं की शोधायला गेली. दुसरा शब्द आमच्या घरात कुणी माझ्यासमोर उच्चारलाच नाही. शनिवारपर्यंत मी कधी कुणाला पुरलं नव्हतं.

ही सबब नाही. तुला कळावं म्हणून लिहिलं.

एलिकेम

---

आन्लोगा,
१६ सप्टेंबर २०१२

चि. एलिकेम यास टासीचे अनेक आशीर्वाद.

मी अजून रागावलेली आहे, हे आधी लिहून टाकते. काल दावी एन्यो आली होती. तिचं म्हणणं असं की छापलेली ओळच जास्त गोड होती, केटात ती तशीच म्हणू का. मी तिला सांगितलं की गोड हवं असेल तर साखर खा. आईला काय म्हणायचं होतं ते आईने म्हटलं आहे, आणि ते बरोबर म्हटलं जाईपर्यंत मी प्रत्येक मंडपात उठून उभी राहीन.

तुझं पत्र मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्यावर ओरडायचं बरंच मनात होतं, ते आता कुणावर ओरडू ते समजत नाही. तो शब्द आम्हीच तुझ्यापासून लपवला. आईने गावातल्या सगळ्या मेलेल्यांसाठी गाणी रचली, पण स्वतःच्या मुलासाठी, एखाददुसरी ओळ सोडली तर, एकही नाही. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाली की ज्याला मी अजून शोधते आहे त्याचं गाणं कसं करू. आता ती शोधायची थांबली आहे.

काकामंडळींशी बोलून मी एक ठरवलं आहे. आईच्या कबरीला दगड बसेल तेव्हा तिच्या शेजारी तुझ्या वडिलांच्या नावाचाही बसवायचा. खाली काही नसलं तरी चालेल. त्यावर नावाखाली एकच शब्द कोरता येईल एवढी जागा आहे. पाथरवट विचारतो आहे की शब्द कोणता, आणि त्याला मी सांगितलं की ते मुलगा ठरवेल.

नवा कळफलक बसवायला पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तो शब्द लिहून आण. शेपटी घालायची की नाही ते तुझं तू बघ. मी त्याला लाल शाई लावणार नाही.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, आणि येताना तिलाही घेऊन ये.

तुझी टासी
आकोफा