पोटरीचं लाकूड

प्रिय भिंगरी,

पत्र आलेलं पाहून घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. फोनवर बोललो असतो, पण तुझी आई शेजारी बसून माझ्या प्रत्येक वाक्याला पुरवणी जोडते आणि मूळ मुद्दा तसाच राहतो. आत्ता ती शेजारणीकडे 'पाच मिनिटं' म्हणून गेली आहे, म्हणजे मला दोन तास मोकळे आहेत.

आधी परवाच्या तुझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेबद्दल. मागच्या रांगेत बसलेल्या बापाला काय कळणार, असं तुला वाटलं असेल. बरंच कळलं. नदीकाठची तीन जातींची वाळुंजं तू घेतलीस, ज्यांना तुम्ही लोक विलो म्हणता. त्यांच्या एकसारख्या कांड्या कापल्यास आणि एकाच खोलीत सारख्या वाळवल्यास, कारण ओलं लाकूड आधीच नरम पडतं आणि कोरडं उगाच भाव खाऊन जातं. मग वजनं केलीस, वाळताना कोण किती आकसतं ते मोजलंस, आणि शेवटी एकेक कांडी दोन टेकूंवर ठेवून मधोमध दाब देत मोडलीस. जन्मभर कारखान्यात कापड बेतलेल्या माणसाला हे समजायला जड गेलं नाही. उभ्या धाग्यात कापड एक वागतं, आडव्यात दुसरंच. लाकडाचंही तसंच असतं हे मात्र तुझ्यामुळे कळलं. जे डोक्यावरून गेलं ते शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना विचारलं. विचारताना, समोर बोलतेय ती माझी मुलगी, हेही सांगून टाकलं. एकदाच सांगितलं असा तुझ्या आईचा समज आहे, तो तसाच राहू दे.

मला सगळ्यांत आवडलं ते तुझं शेवटचं म्हणणं. तिन्हींत जे लाकूड सर्वांत जास्त भार पेलतं, तेच कृत्रिम पाय करायला घ्यावं, असं कोणीही म्हणालं असतं. तू म्हणालीस, नाही. ते जड आहे, आणि मोडतं तेव्हा काहीही कल्पना न देता एकदम मोडतं. मधलं वाळुंज हलकं आहे, दणका बसला तर दबतं पण फुटत नाही, आणि मोडायची वेळ आलीच तर आधी बराच वेळ कुरकुरतं. ज्याला त्या लाकडावर उभं राहायचं आहे त्याला कुरकुरणारंच हवं. हे ऐकून माझी छाती अशी फुगली की सदऱ्याच्या बटणांची काळजी वाटली, आणि सदरा मीच बेतलेला, तेव्हा दोष कोणाला देणार. घरात कुरकुरणाऱ्याची इतकी बाजू आजवर कोणी घेतली नव्हती, हेही तुझ्या आईला ऐकवलं.

मग त्या परीक्षक बाईंनी प्रश्न विचारला. त्यांचा रोख वाईट नव्हता, पण नेम अचूक होता. ही सगळी ताजी झाडं आहेत, ताज्या कांड्या आहेत. घामाने भिजलेलं, रोज हजारदा आपटलेलं, वर्षानुवर्षं माणूस पेललेलं लाकूड तपासलंय का? पहिल्या रांगेत कृत्रिम पायांच्या कार्यशाळेचे प्रमुख बसले होते. जिथे पाय बिघडला तर गावातल्या सुताराखेरीज दुरुस्तीला कोणी नाही, अशा लोकांसाठी तुझ्या लाकडाचे पाय करायचे त्यांच्या मनात आहे. ते खुर्चीत पुढे सरकले. तू म्हणालीस, "असं एकच लाकूड मला माहीत आहे. पण ते मोडायला मागायचा हक्क मला नाही."

प्रमुख म्हणाले, मग जुनं लाकूड किती भार पेलतं तो आकडा मिळेपर्यंत आम्हाला थांबावं लागेल. तू मान हलवलीस, आपले कागद गोळा केलेस, आणि एकदाही मागे वळून माझ्याकडे बघितलं नाहीस.

मागितलं होतंस तू ते, माझ्या लाकडी पायातलं, गेल्या वर्षी, जेवताना. मी म्हणालो होतो, मी गेल्यावर घे, वर घेऊन जायला परवानगी आहे की नाही कोण जाणे. तू हसलीस आणि विषय संपला. पुन्हा काढला नाहीस. मला बरं वाटलं होतं. त्या पायाची वरची वाटी, जिच्यात माझा उरलेला पाय बसतो, ती तीनदा बदलली, पाऊल किती वेळा बदललं ते विचारूच नकोस, आतलं फेल्टचं मऊ अस्तर तर तुझी आई दरवर्षी नवं शिवते. पण मधली पोटरी पहिल्यापासून तीच. घामाने काळी पडली आहे, टेबलांच्या कडांनी पोचे आले आहेत. तुझ्या मधल्या वाळुंजाचीच आहे, हे तूच नखाने जरा खरवडून सांगितलं होतंस. कार्यशाळेने तुझ्या पसंतीच्या लाकडाचा नवा पाय चालवून बघायला पाठवला, तो मी दाराआड छत्र्यांच्या शेजारी उभा करून ठेवला. विचारलंस तेव्हा म्हणालो, रंग फार पिवळा आहे. कापड बेतणाऱ्याने रंगाचं कारण दिलं तर कोणी वाद घालत नाही.

खरं कारण आज लिहितो. कारखान्यातल्या माल चढवायच्या लिफ्टखाली माझा पाय गेला तेव्हा तू रांगत होतीस. तो लाकडी पाय लावून मी घरी आलो, तेव्हा तू टेबल धरून उभी राहू लागली होतीस. मीही तेच टेबल धरून उभा राहू लागलो. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये तुझी आई, कोणाला आधी उचलू या पेचात. तू पडलीस की टाळ्या वाजवायचीस. मी पडलो की तोंड फिरवून रडायचो, तर तू त्यालाही टाळ्या वाजवायचीस. एक दिवस तू टेबल सोडलंस, डुगडुगत खिडकीपर्यंत गेलीस, आणि वळून माझ्याकडे बघत उभी राहिलीस. इतका वेळ उभी राहिलीस की मलाही टेबल सोडावंच लागलं. आपण दोघं एकाच महिन्यात चालायला लागलो, भिंगरी, आणि तू माझ्या पुढे होतीस. त्या पोटरीत माझं ते चालणं आहे असं मला वाटायचं, म्हणून द्यायला हात होत नव्हता. परवा मला पेचात टाकायला नको म्हणून तू मागे वळली नाहीस. इतकी वर्षं घासलेलं, कामाला येईल असं लाकूड समोर असून तू माझ्याकडे नुसतं बघितलंही नाहीस, याचा मला फार अभिमान वाटला. त्या दिवसापासून पिवळा पाय लावून घरात चालतोय. तेच टेबल धरलं होतं, काल सोडलं. शनिवारी त्याच पायावर तुझ्याकडे येतो, जुना पिशवीत असेल. घोट्याजवळच्या भरीव भागातून तुला हव्या तेवढ्या कांड्या काढ आणि मोड, मी शेजारी उभा राहीन. जो आकडा येईल तो लिही. कमी आला तरी तोच लिही.

तुझाच,
तुझ्या मागोमाग टेबल सोडणारा
बाबा