गाडी मीच चालवत होते

नाशिक रोड, सोमवार

ती. अण्णा,
नमस्कार. फोनवर तुम्ही बोलू दिलं नाहीत, म्हणून लिहिते.

१. शनिवारी सकाळी सिन्नरला कारखान्यात निघाले. वळण लांब होतं, म्हणून शंभर मीटर उलट्या बाजूने स्कूटर नेली. रोजच नेते.
२. आपल्या ओळखीच्या शकीलाबी रस्ता ओलांडत होत्या. गाड्या जिकडून यायला हव्यात तिकडे त्यांनी पाहिलं. मी दुसरीकडून आले.
३. त्यांचा पाय मोडला. माझं फक्त कोपर खरचटलं.

दवाखान्यात मीच नेलं. काल भेटले, तर म्हणाल्या, "इंजिनीअर ना गं तू? मग रस्त्यावरचा बाण नाही कळत?"

सोमनाथदादाने तुमचा निरोप सांगितला. पाहुणे मला बघायला येणार, म्हणून जबाबात गाडी चालवणारा तो होता असं सांगायचं. शकीलाबींना तुम्ही समजावणार. दादा हसून म्हणाला, "लग्नाचा आहेर समज." अण्णा, त्याने एसटीत चालकाच्या जागेसाठी अर्ज केलाय. हा आहेर मला नको.

शुक्रवारी जबाबात मी माझंच नाव सांगणार आहे. पाहुण्यांनाही खरं सांगा. त्यांना चालणार नसेल, तर आताच कळलेलं बरं.

आईला कोपराचं सांगू नका. तुमच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना?

पत्र दादाच्याच हाती देते. पोलीस ठाण्यात मी एकटी जाऊ शकते, पण तुम्ही सोबत असावं असं वाटतं. येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवा.

तुमची,
वेदिका