साकोलीतला समुद्र

साकोली,
फेब्रुवारी १९८४

ती. केशवरावांस,

रबरी नळीने तुमचा समुद्र बादलीत उतरवणं चालू आहे. पहिला ओढा तोंडाने घ्यावा लागतो. त्यात एक घोट आत गेला आणि लगेच बाहेर आला. बादली भरेपर्यंत सवड आहे, म्हणून हे पत्र. ठसका थांबला की साष्टांग नमस्कार पोचला असं समजावं. वहिनींच्या कंबरेला आराम असेल. आम्ही सर्व कुशल आहोत. (सर्वांत टाकीतली मंडळी धरलेली नाहीत.)

भाऊबिजेला भाऊ बहिणीला ओवाळणीत साडी घालतो. तुम्ही जीपमधून काचेची टाकी, समुद्राच्या पाण्याचे डबे, किनाऱ्यावरचे दगड, एका दगडाला चिकटलेलं जिवंत समुद्रफूल आणि त्या फुलात राहणारा नारिंगी मासा आणलात. तुमच्या बहिणीने, शकुनने, समुद्र पाहिलेला नाही, म्हणून समुद्रच तिच्या घरी. तुम्ही गेलात आणि दगडांवर तपकिरी साय धरली. मग ती हिरवी झाली. मग तिला केस आले. तुम्हाला कळवलं, तर उत्तर आलं : नवी टाकी आहे, असं होतंच, धीर धरावा. धीर हा उपाय सांगायला समुद्राचं शिक्षण लागत नाही, तो कोणत्याही कचेरीत बाकावर बसून मिळतो. आणि शेवाळच पाहायचं तर आपल्या जिल्ह्यात तलावांना काय तोटा आहे? त्यासाठी अरबी समुद्र वाहून आणण्याचं कारण नव्हतं.

दोष एकट्या तुमचा नाही, गावानेही हातभार लावला. समुद्र पाहायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. शेजारच्या गोदावरीबाई माशाला रोज पोहे घालतात. ("परका मुलूख हाये त्याले, भाऊजी. उपाशी कायले ठेवता?") मासा पोह्यांना तोंड लावत नाही. ते कुजतात आणि शेवाळाला पोसतात. मासा म्हटला की आमच्याकडे बाजारातून येतो आणि जेवणात संपतो, त्याला कोणी नाव ठेवत नाही. शकुनने या माशाला नाव ठेवलं आहे. काय ते मला सांगत नाही.

परवा आमचे बाबा लाखांदूरहून एसटीने आले. पिशवी न ठेवताच टाकीसमोर उकिडवे बसले.

"काहून गा ईश्वर, मास्तर होऊन घरात काई वाढवून राहिला?"

मी म्हटलं, बाबा, हा समुद्र आहे.

"असन. पानी त पानीच ना!"

आज मी शाळेत गेलो आणि बाबा कृषी केंद्रात गेले. धानाच्या बांधीत काई, म्हणजे हेच शेवाळ, धरली की बाबा मोरचूद फडक्यात बांधतात आणि पाणी शिरतं त्या तोंडाशी पोटली ठेवतात. पाणीच औषध धानापर्यंत नेतं. (किनाऱ्यावर राहून तुम्ही हे विसरला असाल.) टाकीत पाणी शिरत नाही, पण पंपाचे बुडबुडे निघतात. बाबांनी ते तोंड बरोबर हेरलं. पोटलीची गाठ उत्तम बांधली होती.

तुमच्या सूचना भिंतीवर आहेत : तांबं या फुलाला विष, तांब्याचा गडवासुद्धा बुडवू नये. गडवा कोणी बुडवला नाही. मोरचुदात तांबं असतं हे सांगायला मी घरी नव्हतो. आलो तेव्हा फूल ओल्या मोज्यासारखं लोंबत होतं आणि मासा त्याच्यात शिरायला धडपडत होता.

"दोन दिसात साफ होते, पाय तू," बाबा म्हणाले. मग त्यांनी शकुनकडे पाहिलं आणि पोटली बाहेर काढली. शकुन कोणाशीच बोलली नाही. (माझ्याशी न बोलणं नवीन नाही. पण आज ती माशाशीही बोलली नाही.)

आता हे विषारी पाणी काढून तुमचे उरलेले डबे आत ओततो. तेवढ्यावर जगतील ते जगतील. शिवरात्रीला याल तेव्हा टाकी, दगड, पंप, सगळं जीपमध्ये घालून परत न्यावं. कृपा होईल.

आपला,
ईश्वर

ता. क. वरची ओळ रागात लिहिली. काही नेऊ नका. येताना पाण्याचे डबे जास्त आणा आणि जमलं तर एक फूल. मी मागितलं हे शकुनला कळू देऊ नका.

ता. क. बाबांसमोर तांब्याचा विषय काढू नका. फुलाला थंडी बाधली असं त्यांना सांगितलं आहे.

सकाळी, पत्र टाकण्यापूर्वी : फूल गेलं. शकुनने ते अंगणात पुरलं. मासा जिवंत आहे, रिकाम्या दगडापाशी थांबला आहे. शेवाळाला काही झालेलं नाही. बाबा पहिल्या एसटीने निघणार होते, ते गेले नाहीत. बाह्या वर करून एकेक दगड हाताने साफ करत आहेत.