कलम चार आजपासून लागू

मी, समाधान सुकदेव बोरसे, वय अठ्ठावीस, राहणार पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे, सध्या मुक्काम केनिया देशाच्या उत्तरेकडचा पवनचक्क्यांचा कॅम्प, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. मी पूर्ण शुद्धीवर आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी पाजलेली नाही. या कॅम्पात चहाच धड मिळत नाही. शिक्षण आठवी नापास, म्हणून शुद्धलेखन सोडून मजकूर पाहावा.

आजारी नाही. आधीचे टॉवर लहान होते, उद्यापासून नव्वद मीटरच्या टॉवरवर चढायचं आहे. कंपनीने फॉर्म भरून घेतला. माझ्या खोलीतला शिरपूरचा अभिमन म्हणाला, "फॉर्मने विम्याचं भागेल. जमिनीचं काय? लिहून टाक. साध्या कागदावर चालतं, फक्त दोन साक्षीदार पाहिजेत." म्हणून लिहितो. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं असं लिहायची रीत आहे म्हणे. याआधी लिहिलेलं नाही.

कलम एक. वडील सुकदेव वारले तेव्हा चार एकर जमीन प्रेमराजभाऊ आणि मी, आम्हा दोघांकडे आली. तिन्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आणि प्रत्येकीला एक साडी मिळाली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माझ्या वाट्याचे दोन एकर माझी पत्नी दिपमाला हिला आणि तिच्यानंतर आमची मुलगी भाविका, वय पाच, हिला मिळावेत. भाविकापुढे कुणी, कधी, हक्कसोडचा कागद धरू नये. साडी कितीही भारी असली तरी.

कलम दोन. माझा पान्यांचा संच धाकटी बहीण नूतन हिला द्यावा. बाईमाणसाला पाने कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी आठवावं, की विहिरीवरची मोटर बंद पडली तेव्हा भाऊने देवाला नारळ बोलला आणि नूतनने मोटर खोलली. नारळही शेवटी तिनेच खाल्ला. मी मायचा सातवा. 'आते पुरे' हे देवाला कळावं म्हणून माझं नाव समाधान ठेवलं. देवाला वाचता येत नसावं. दोन वर्षांनी नूतन आली.

कलम तीन. चांदीच्या वाळ्यांची एक जोडी आहे, लहान मुलाच्या पायातली. ती भाविकाची. ती किती जुनी आहे ते मला माहीत नाही. आजीला अकरा पोरं झाली, चार राहिली. मायला आठ झाली, पाच राहिलो. सगळ्यांच्या पायात हीच जोडी. तीन वेळा मायने ती स्वतःच्या हाताने काढून कापडात बांधून ठेवली. भाविकाच्या पायातून मात्र ती पाय मोठा झाला म्हणून निघाली.

हे इथे का लिहितो ते सांगतो. कॅम्पावर पाणी भरायला नकिरू नावाची बाई येते. तिला नऊ मुलं. मला थोडी इथली भाषा येते. तिने विचारलं, "तुला किती?" मी एक बोट वर केलं. तिने ओला हात माझ्या गालाला लावला आणि विचारलं, "बाकीची कधी गेली?"

मी म्हटलं, "कुणी गेलं नाही. एकच झाली. ती आहे."

तिने डोक्यावरचा डबा खाली ठेवला. "एकच? आणि ती राहीलच, एवढी खात्री तुम्हाला?"

त्या दिवशी टॉवरच्या टोकावर जाऊन बसलो तेव्हा खाली तिच्या वस्तीतली पोरं तीळ सांडल्यासारखी दिसत होती. शेजारच्या टॉवरचा पंखा फिरला की ती ओरडत पळायची. माझ्या आजीचं अंगण मी आभाळातून बघतोय असं वाटलं. हातातून पाना सुटला, कंबरेला बांधला होता म्हणून वाचला. खात्री. हा शब्द आमच्या घरात आला कधी? डांबरी रस्त्याने आला, का बुधवारी लस घेऊन येणाऱ्या सिस्टरबाईंच्या डब्यातून, का शिरपूरला बारावीपर्यंत शिकलेल्या दिपमालाच्या पेटीतून? पोरं कमी झाली म्हणून घर वर आलं, का घर वर आलं म्हणून पोरं कमी झाली, हे आठवी नापासाला ठरवता येत नाही. पण अकरा, आठ, एक, एवढा मोठा डोंगर आमच्या घराने ओलांडला आणि त्याचा कुठे आवाजसुद्धा झाला नाही. याच्यापुढे नव्वद मीटर काहीच नाही.

कलम चार. हे कलम मी सगळ्यात शेवटी लिहिणार होतो.

भाविकाच्या वेळी दिपमालाला धुळ्याला न्यावं लागलं. रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या. डॉक्टर म्हणाले, "आता जपा." ती स्वतःचं ऑपरेशन करून घ्यायला तयार होती. मी म्हटलं, "तू एकदा मरता मरता वाचलीस. आता माझी पाळी." ती म्हणाली, "लोक तुम्हाला हसतील." मी म्हटलं, "कुणाला कळायचंच नाही."

कंपनीच्या मेडिकलला जातो सांगून मी गेलो आणि पुरुषाची नसबंदी करून आलो. चार वर्षं झाली. कुणाला कळलं नाही. मी केनियाला आलो. मागे घरच्यांनी मुलगा व्हावा म्हणून तिला अकरा सोमवार धरायला लावले. दंडाला गंडा बांधला. माय अजून रोज सकाळी पुडीतलं झाडपाल्याचं औषध तिला पाजते. ती पिते. माझं हसू होऊ नये म्हणून पिते.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी होतो. पंगतीत भाऊबंदातले वना नाना म्हणाले, "समाधान, एक पोरवर दुकान बंद? तुनी बायकोमा खोट शे. दुसरी करी ले, नहीते भाऊना पियुषले दत्तक ले. दिवा कोन लावी?" मी मान खाली घालून सांजोरी खाल्ली. दिपमाला वाढत होती. तिचा हात थांबला नाही. इतकं बळ मी कुठल्या क्रेनमध्ये पाहिलं नाही.

तरी जाहीर करतो, की माझ्या पत्नीत काही खोट नाही. खोट माझ्या तोंडात होती, ते उघडलं नाही. दत्तक कुणी घ्यायचा नाही. दिवा भाविका लावेल. तिला काडी पेटवता येते.

कलम पाच. मोटारसायकल प्रेमराजभाऊला. ब्रेक तपासून घ्यावेत. वना नानांना काही नाही.

पुरवणी. सही करण्याआधी हा कागद दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. बोदवडचा हितेंद्र कलम चारपाशी म्हणाला, "थांब. हे तुझे घरचे ऐकणार कधी? तू पडल्यावर? मग तोवर वहिनी पुड्या पितच राहणार का?"

अभिमनने माझा मोबाईल माझ्या पुढ्यात सरकवला.

म्हणून कलम चार माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. त्याचा फोटो मी आज दुपारी घरच्या ग्रुपवर टाकला आहे. मायला वाचता येत नाही. माहेरी आलेल्या नूतनने वाचून दाखवलं. ग्रुपवर मायचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. आधी भांडी वाजली. मग म्हणाली, "माले काबरं सांगं नही?" आणि मग, "तुले दुखनं का रे?"

नाही दुखलं, माय. जिला दुखलं ती तुझ्या मागे चुलीपाशी उभी असेल. ती पुडी तुझ्या हाताने चुलीत टाक.

बाकीची कलमं माझ्यानंतर.

सही: समाधान सुकदेव बोरसे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही केली आणि ज्यांना यातून काही मिळणार नाही:
१. अभिमन पाटील, शिरपूर, जि. धुळे
२. हितेंद्र महाजन, बोदवड, जि. जळगाव

ठिकाण: कॅम्प, खोली नंबर सहा, उत्तर केनिया
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५