नऊ नंबरची पेनल्टी

बाबा, गेल्या महिन्यात भर पावसात झालेल्या एका शर्यतीत आम्ही एका मोटरसायकलस्वाराला दहा सेकंदांची पेनल्टी दिली. निर्णय पंचांचा, पण वेळेच्या नोंदी माझ्या ताब्यात असतात, म्हणून आम्ही म्हणते. पिवळा झेंडा हलत असताना, म्हणजे ओलांडायला मनाई असताना, त्याने पुढच्या गाडीला मागे टाकलं होतं. गाडीला बसवलेल्या यंत्राची नोंद, कॅमेऱ्यातलं चित्र आणि वळणावरच्या पंचाची चिठ्ठी अशा तीन गोष्टी मी जुळवून पाहिल्या आणि मगच सही केली. तो पहिला होता, तो चौथा झाला. संध्याकाळपर्यंत त्याच्या चाहत्यांनी फोनवर आमचा उद्धार केला. आम्ही विकले गेलो होतो, आम्हाला पावसात दिसत नव्हतं, आम्ही कधी दुचाकीवर बसलो नव्हतो. एकाने लिहिलं, बाईच्या हातात घड्याळ दिलं की हेच होणार. मी ते सगळं चहा पीत वाचलं. मला काही वाटलं नाही, कारण निर्णय बरोबर होता. मग तुमची आठवण आली, आणि तेव्हा मात्र चहा राहून गेला.

त्या दिवशी मी दहावीत आहे. श्रावण चालू आहे, रोह्याच्या अलीकडे माळावर मोटरसायकलींची चिखलातली शर्यत आहे, आणि पंचांच्या टेबलावर तुम्ही. गणिताचे मास्तर म्हणून तुम्हाला बोलावलं होतं. शाळेच्या खेळांत तुम्ही स्वतःच्या भाच्याला बाद केलं होतं, ही गोष्ट पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. पावसामुळे वळणावरचे दोन पंच येणार नाहीत असा निरोप सकाळीच घरी आला होता. तुम्ही मला म्हणालात, चल, वळणावर झेंडा घेऊन उभी राहा, कोण वळण चुकवून दोरीच्या आतून गेला तेवढं लिहायचं. गाडीत बसल्यावर नियम सांगितलेत: एका चुकीला एक चिठ्ठी, वीस सेकंदांची पेनल्टी, निकाल लागेपर्यंत पंचांनी आपसात बोलायचं नाही, आणि आकडा गाडीवर असेल तसाच, इंग्रजीत लिहायचा. हे शेवटचं तुम्ही दोनदा सांगितलंत. आपल्या घरात कॅलेंडरवरच्या दुधाच्या खुणांपासून माझ्या वहीपर्यंत सगळे आकडे मराठी असायचे, आणि तो तुमचाच हट्ट होता.

वळणावर नऊ नंबरवाल्याचे चाहते होते. नऊ नंबरवाला गडब गावचा, तुमचाच जुना विद्यार्थी, नववीत गणितात राहिलेला. त्या दिवशी त्याच्याइतकी चांगली गाडी कुणीच चालवत नव्हतं. जिंकणाऱ्याला पुण्याच्या एका संघात सरावाला घेणार होते, म्हणून सगळं गाव आलं होतं. ती मंडळी माझ्या मागे छत्र्या घेऊन उभी. त्यांनी माझी फिरकी घ्यायला सुरुवात केली. गो, झेंडा नीट धर, पोतेरं दिसतंय. गो, तुला गाडीचं पुढचं चाक कुठलं ते तरी कळतंय का. मी वळून पाहिलं नाही. शेवटून दुसऱ्या फेरीत पनवेलचा एक नंबरवाला दोरीच्या आतून गेला, माझ्यापासून पाच फुटांवरून. मी चिठ्ठी काढली. कागद भिजत होता, पेन्सिल रुतत होती. मी एक लिहिला, मराठीत. तुम्हाला काढून दाखवायला नको, तुम्हीच मला शिकवला होतात: आधी वरचं गोल, मग खाली येणारी शेपूट. ओल्या कागदावर शेपूट सरळ उतरली.

शर्यत संपल्यावर तुम्ही स्वतः चिखलातून फिरून प्रत्येक वळणावरच्या चिठ्ठ्या गोळा केल्यात. माझी चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेतलीत आणि नियमाप्रमाणे एक शब्द बोलला नाहीत. बाकी सगळ्या चिठ्ठ्यांवर आकडे इंग्रजी होते, त्यामुळे तुमच्या डोळ्यांनी माझा मराठी एकही इंग्रजी नऊ म्हणूनच वाचला. लाउडस्पीकरवरून तुमचाच आवाज आला. नऊ नंबर, वीस सेकंद पेनल्टी. पहिला, एक नंबर.

आधी कुणाला कळलंच नाही. मग गर्दी टेबलाकडे सरकली. तुमच्या डोक्यावर एक माणूस दोन तास मोठी छत्री धरून उभा होता, तोही गडबचाच. त्याने छत्री मिटली, काखेत मारली आणि निघून गेला. त्यानंतर जे काही झालं, त्यातलं मला हेच सगळ्यात स्पष्ट दिसतं: तुम्ही उघड्यावर, चष्म्यावर पाणी, समोर भिजत चाललेला निकालाचा कागद. कुणी म्हणालं चष्मा पुसा, कुणी म्हणालं पनवेलची बिर्याणी गोड लागली वाटतं. नऊ नंबरवाला स्वतः हेल्मेट हातात घेऊन नुसता बघत राहिला. एक नंबरवाल्याने पहिला क्रमांक मुकाट घेतला, आणि आपण दोरीच्या आतून गेलो हे त्याला पक्कं माहीत होतं. मग मागून एकाने विचारलं, तेही शांतपणे, वर्गात शंका विचारावी तसं:

“मास्तर, याला नववीत नापास केलात. आता नऊ नंबरलापन नापास केलात व्हय?”

सगळा माळ हसला. तुम्ही म्हणालात, चिठ्ठी आहे. एवढंच. कुणाची चिठ्ठी, ते सांगितलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेणच्या घरात आई भाकऱ्या करत होती. तुम्ही ओल्या चिठ्ठ्या ओट्यावर एकेक करून वाळत घातल्यात. माझ्या चिठ्ठीवर हात थांबला. वाळलेल्या कागदावर शेपूट नीट दिसत होती: तो मराठी एक होता. मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तव्याखालच्या जाळावर ती चिठ्ठी धरलीत, आणि आईने काय जाळताय म्हणून विचारल्यावर ओला कागद म्हणालात. मग मला बाहेर पडवीत नेलंत.

“तू तिथे नुसती उभी होतीस. काही लिहिलं नाहीस. समजलं?”

मी म्हटलं, पण त्याचा नंबर गेला. तुम्ही म्हणालात, निकाल लागला, आता तो लागला.

मला हे आजही पचत नाही. खाडाखोड करा, मार्क कापणार नाही, पण उत्तर बरोबर लिहा, असं तुम्ही सगळ्या शाळेला सांगायचात. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा उत्तरपत्रिकाच जाळलीत. लोक म्हणाले असते, मास्तरांच्या मुलीची चूक झाली. चार दिवस बोलले असते. नऊ नंबरवाला पुण्याला गेला असता. तो आता टेम्पो चालवतो. हायवेवर दिसला की मी नजर खाली घालते, आणि तो मला ओळखतसुद्धा नाही. तुम्ही माझ्यासाठी केलंत, असं आई म्हणते. मला विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे. माझी चूक माझी होती. ती तुम्ही न विचारता स्वतःच्या नावावर घेतलीत, आणि वर तिचं ओझं होत नाही असं दाखवत राहिलात.

ओझं होत होतं. फळ्यावर नऊ लिहिलात की मागच्या बाकांवरून हुंकार यायचा. तुम्ही पोरांना ओरडला नाहीत. तुम्ही नऊ नसलेली गणितं निवडू लागलात. मी तुमच्या टाचणवह्या नंतर चाळल्या, पानंच्या पानं, कुठे अठरा नाही आणि सत्तावीस नाही, उत्तरातसुद्धा नऊ येणार नाही याची काळजी घेतलेली. खेळांचं पंचपद सोडलंत. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी दोघांनी ती शर्यत काढलीच, हळू आवाजात, मास्तर माणूस चांगला, पण त्या पोराचं वाटोळं केलं म्हणून. मी त्यांना पाणी दिलं.

तुम्हाला मी भित्रं ठरवलं, आणि त्या रागावरच शिकले. तीन पुरावे जुळल्याशिवाय सही करत नाही, हे लोकांना शिस्त वाटते. आज हे लिहायला बसले तेही तुम्हाला जाब विचारायलाच, आणि इथपर्यंत लिहूनही झालं. पण मोजमापात एक नोंद मी सोडली आहे. मला स्वयंपाकघरात कळलं नव्हतं. लाउडस्पीकरवर नऊ ऐकलं तेव्हाच कळलं होतं, त्याच क्षणी, की मी एक लिहिलाय आणि मराठीत लिहिलाय. माझ्यामागची ती चिडवणारी तोंडं एकदम बंद झाली होती, आणि मला बरं वाटत होतं. त्या वळणापासून तुमच्या टेबलापर्यंत धावत दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. तो छत्रीवाला तेव्हा अजून तुमच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. मी झेंडा पिळत बसले.